डॉक्टरले सांगू नको बरं

सावनेर ओलांडून पांढुर्ण्याच्या रस्त्याने बरंच पुढे गेलं की एक फाटा लागतो, तिथून आत एक गाव. गावाचं नाव लिहित नाही, कारण तिथे आजही रविवारी गाड्यांची रांग लागते आणि मला कोणाशी भांडण नकोय. २०१७ च्या फेब्रुवारीत आम्ही तिथे गेलो होतो, मी, नवरा आणि नणंद. नणंदेच्या ऑफिसमधल्या कोणाच्या तरी आईला तिथल्या पुडीने बरं वाटलं होतं. नागपुरात ज्याला काही दुखतंय त्याला असा एक 'कोणाच्या तरी आईला बरं वाटलं' असतोच.

मला आमवात आहे. गुडघेदुखीवाला संधिवात नाही, आमवात, ज्याला डॉक्टर र्‍हुमॅटॉइड म्हणतात, म्हणजे आपल्याच शरीरातली फौज आपल्याच सांध्यांवर सोडलेली. २०१४ मध्ये कळलं तेव्हा चौतीस वर्षांची होते. सकाळी उठलं की दोन तास हाताची मूठ वळायची नाही. नळ फिरवता यायचा नाही, कणीक मळता यायची नाही, स्कूटीचा ब्रेक दाबता यायचा नाही, आणि ब्लाऊजची हुकं लावायला नवऱ्याला हाक मारावी लागायची, त्याला आधी मजा वाटली मग वाटेनाशी झाली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. माझी रविवारची. रविवारी रात्री गोळी, सोमवार पूर्ण मळमळ, मंगळवारपासून माणसात. दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, दर काही महिन्यांनी रक्ताच्या तपासण्या, सीबीसी, लिव्हरसाठी एसजीपीटी, किडनीसाठी क्रिएटिनिन. केस गळायचे. आणि डॉक्टर म्हणाले होते की गोळीचा खरा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतील, तोपर्यंत वायसोलोन देतो, कमी डोस, मग बंद करू. मी ठामपणे नाही म्हटलं. वायसोलोन म्हणजे स्टेरॉइड, आणि स्टेरॉइड म्हणजे काय ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, हाडं ठिसूळ, तोंड सुजतं, एकदा लागलं की सुटत नाही. डॉक्टरांनी खांदे उडवले आणि फाईलवर 'पेशंट रिफ्यूज्ड' असं लिहिलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर तीन वर्षं अशी काढल्यावर, थोडा फरक, थोडा नाही, असं चाललेलं असताना आम्ही त्या गावात पोचलो. वैद्य साठीचा, पांढरं धोतर, ओसरीवर बसलेला. नाडी पाहिली, जीभ पाहिली, माझ्या बोटांवरून इतक्या मायेने हात फिरवला की मला रडू आलं, खरं सांगते. तीन वर्षांत धंतोलीत कोणी माझ्या बोटांना अशा तऱ्हेने हात लावला नव्हता, तिथे सांधे दाबून बघायचे आणि आकडा लिहायचे. मग त्याने महिन्याच्या पुड्या बांधून दिल्या, करड्या रंगाची पूड, सकाळ-संध्याकाळ मधातून. पैसे विचारले तर म्हणाला जे द्यायचं ते पेटीत टाका. निघताना म्हणाला, "इंग्रजी गोळ्या बंद करा लागन. आन् डॉक्टरले सांगू नको बरं, बाई. ते लोक हसतेत आपल्याले."

आठव्या दिवशी माझी मूठ वळली.

सकाळी सहा वाजता पलंगावर बसून मी मूठ वळवून पाहत होते आणि उघडत होते, परत वळवत होते. नवऱ्याला उठवलं. त्या रविवारी आम्ही तर्री पोहे खायला गेलो आणि पोह्याची प्लेट मी एका हातात धरली, ज्यांना हे दुखणं नाही त्यांना यात काय विशेष ते कळणार नाही. मे महिन्यात भाचीच्या लग्नात नाचले. सगळे म्हणाले तब्येत सुधारली, तोंडावर तेज आलं, गाल भरले. गाल खरंच भरले होते. भूक अशी लागायची की रात्री अकराला उठून पोळी-भाजी खायची. दंडावर कुठे काही लागलं नसतानाही जांभळे डाग. नवऱ्याने ग्लुकोमीटरवर गंमत म्हणून शुगर पाहिली तर दोनशेच्या वर. मी म्हटलं लग्नाचे लाडू.

आता कोणीही म्हणेल की बाई, तू डॉक्टरकडे का गेली नाहीस. त्याचंही कारण आहे. मागे एकदा मी धंतोलीत वेटिंगला बसले असताना आतून आवाज आला, एका बाईने कुठलातरी काढा घेतल्याचं सांगितलं होतं, "मग त्याच्याकडेच जा ना, इथे कशाला आलात?" दार अर्धं उघडं होतं. ती बाहेर आली तेव्हा आम्ही सगळ्या बायका मोबाइलमध्ये पाहू लागलो. त्या दिवशी बाहेर बसलेल्या कमीत कमी सहा-सात जणींनी मनाशी ठरवलं असणार, की इथे काही सांगायचं नाही. वैद्याला 'सांगू नको' म्हणायची तशी गरजच नव्हती, ते काम डॉक्टरांनी आधीच करून ठेवलं होतं.

श्रावणात त्या महिन्याच्या पुड्या संपल्या. चार-पाच दिवस पाऊस असा की त्या फाट्यावरचा नाला ओसंडून वाहत होता, गाडी जाईना, फोनवर वैद्य मिळेना. चौथ्या दिवशी उलट्या, पाचव्या दिवशी उठताना चक्कर येऊन बाथरूमपाशी पडले. घरच्यांना वाटलं गॅस्ट्रो. अ‍ॅडमिट केलं तर बीपी ऐंशीच्या खाली, सोडियम कमी, सलाइन लावूनही चढेना. सीनियर डॉक्टर येऊन गेले, अँटिबायोटिक लिहून गेले. रात्री एक ज्युनियर पोरगी आली, असेल सव्वीस-सत्तावीसची, स्टूल ओढून बसली, माझ्या दंडावरचे डाग पाहिले, तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, अजून काही घेत होता का? पुडी, काढा, काही पण. मी अजिबात रागावणार नाही, माझी आजी पण घेते."

आणि मी सांगितलं, सगळं.

कॉर्टिसोलची, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टेरॉइडची, टेस्ट केली, अगदी कमी. तिने मला समजावलं ते असं, की बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं, मग बाहेरचं एकदम बंद झालं की शरीराकडे काहीच उरत नाही, यात माणूस दगावतोसुद्धा. पुडी आम्ही लॅबमध्ये दिली नाही, संपलीच होती, त्यामुळे पुडीत अमुक होतं असा कागद माझ्याकडे नाही. पण माझं तोंड, शुगर, डाग, आठ दिवसांत वळलेली मूठ आणि तो कॉर्टिसोलचा आकडा, एवढं पुरे आहे. सांधेदुखीच्या 'देशी' पुड्यांमध्ये डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं सापडणं हे डॉक्टर लोकांना नवीन नाही, असंही ती म्हणाली.

म्हणजे पहा गंमत. जे औषध मी धंतोलीत नाकारलं, छापील स्ट्रिपमध्ये, मिलिग्रॅम लिहिलेलं, बंद कधी करायचं ते ठरलेलं, त्याच जातीचं औषध मी पांढुर्ण्याकडून स्वतःच्या पैशाने आणलं आणि मधातून चाटलं. किती डोस, देव जाणे. हॉस्पिटलमधून आल्यावर तेच वायसोलोन मला हळूहळू कमी करत करत आठ महिने घ्यावं लागलं.

यावर भाऊ म्हणाला की असल्या लोकांना आत टाकलं पाहिजे आणि लोकांना असलं काही घ्यायची परवानगीच नको. पहिल्या अर्ध्या वाक्याला माझी हरकत नाही. दुसऱ्या अर्ध्यावर मी गेली कित्येक वर्षं विचार करून राहिलीय.

कारण माझी रविवारची गोळी बघा. मेथोट्रेक्सेट मुळात कॅन्सरचं औषध. १९५१ मध्ये तिच्याच कुळातलं एक औषध पहिल्यांदा आमवाताच्या पेशंटना दिलं गेलं, आणि अमेरिकेत या आजारासाठी अधिकृत मान्यता मिळाली १९८८ मध्ये. मधली पस्तीसेक वर्षं ज्यांनी ती घेतली ते काय घेत होते? त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, फोरेस्टिए नावाच्या फ्रेंच डॉक्टराने आमवातावर सोन्याची इंजेक्शनं वापरली. का, तर हा आजार टीबीसारखा असावा असा त्याचा समज होता. समज साफ चुकीचा, पण सोन्याने बऱ्याच जणांना फरक पडला आणि पुढे कित्येक दशकं ती इंजेक्शनं चालली. तेव्हा 'सिद्ध झालेलं नाही' एवढ्यावर मी कोणाचा हात धरणार नाही. ज्याला रोज सकाळी दोन तास दगडासारखं उठायचंय त्याला वाट पाहा म्हणणं सोपं असतं. अमेरिकेत २०१८ मध्ये 'राइट टू ट्राय' म्हणून कायदा झाला, चाचण्या पूर्ण न झालेली औषधं मागायचा हक्क, पण तोही जीवघेणा आजार असलेल्यांना. आम्ही मरणाऱ्यांत नाही, नुसते दुखणाऱ्यांत.

माझे बाबा दम्याचे पेशंट होते. कापड गिरणीत आयुष्य गेलं. १९९२ च्या जूनमध्ये ते मला घेऊन दक्षिण एक्सप्रेसने हैदराबादला गेले, मृग नक्षत्र लागतं त्या दिवशी तिथे बत्तिनी कुटुंब दम्यासाठी जिवंत मासा गिळायला देतं, बोटाएवढी छोटी मरळ, तिच्या तोंडात पिवळा लेप भरलेला. १८४५ पासून देतोय असं ते कुटुंब सांगतं, लेपात काय आहे ते सांगत नाही, आणि पैसे घेत नाही. शाकाहारी लोकांना तो लेप गुळातून. तीन वर्षं ओळीने जायचं, प्रत्येक वेळी पंचेचाळीस दिवस पथ्य. गर्दी अशी की मी बाबांचा शर्ट सोडला नाही. बाबांनी मान वर केली, मासा आत गेला, डोळ्यांतून पाणी, आणि लगेच त्यांनी खिशातली डेरिफायलिन, दम्याची गोळी, काढून पाण्याबरोबर घेतली. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, अरे हे काय, विश्वास नाही का? बाबा म्हणाले, "विश्वास आहे, म्हणून तर आलो. पण रात्री गाडीत दम लागला तं मासा थोडीच धावून येईल."

पुढे या माशाच्या औषधावरून बऱ्याच कोर्टकचेऱ्या झाल्या, 'औषध' हा शब्द गेला आणि 'प्रसादम' आला. बाबांचा दमा तीन वर्षांनंतरही तसाच होता. पण ते त्यांच्या डॉक्टरांना, मेडिकलमधल्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत, येऊन सांगायचे, साहेब यंदाही मासा गिळून आलो, आणि डॉक्टर विचारायचे, भाजून का रस्सा करून? दोघं हसायचे आणि डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावायचे. मला आता वाटतं की बाबांनी जे केलं ते निवडणं होतं. काय करतोय ते त्यांना माहीत होतं, कशाच्या जोडीला करतोय तेही माहीत होतं, आणि ते उघड होतं. मी पांढुर्ण्याला जे केलं त्याला मी निवड म्हणत नाही. मी जडीबुटी निवडली होती, मिळालं भलतंच.

कायदा या बाबतीत तसा सरळ आहे पण कोणी वाचत नाही. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज अ‍ॅक्ट आहे, त्याच्या परिशिष्टात चोपन्न आजार आहेत, कॅन्सर, मधुमेह, र्‍हुमॅटिझम धरून, यांवर आमच्याकडे इलाज आहे अशी जाहिरात करायलाच बंदी. म्हणजे कायद्याने विकणाऱ्याच्या तोंडाला हात लावलाय, घेणाऱ्याच्या हाताला नाही. मला हे पटतं. फक्त ऑटोच्या मागे 'संधिवात मुळापासून बरा, हमखास' वाचलं की हसू येतं. दुसरं म्हणजे समीरा कोहलींची केस, सुप्रीम कोर्ट, २००८. दिल्लीच्या या बाई तपासणीच्या दुर्बिणीसाठी गेल्या, भूल दिलेली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. कोर्ट म्हणालं, जीव धोक्यात नव्हता, पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, आणि संमती म्हणजे काय करणार, दुसरे पर्याय कोणते, धोका काय, हे आधी सांगून घेतलेली संमती. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा पांढुर्ण्याचा वैद्य आठवला आणि लगेच नंतर धंतोली.

हक्काची एक गोष्ट मात्र मला लॉकडाऊनमध्ये कळली. मेथोट्रेक्सेटसोबत मी एचसीक्यू घेते, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. मार्च २०२० मध्ये ती करोनावर चालते अशी हवा झाली, आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून घ्यायला सांगितली, आणि आठवड्याभरात दुकानांतून गायब. सरकारने घाईघाईने ती एच-वन शेड्यूलमध्ये, म्हणजे प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत, टाकली तोवर ज्यांनी साठवायची त्यांनी साठवली होती. नवरा मास्क बांधून, पोलिसांना प्रिस्क्रिप्शन दाखवत सक्करदऱ्यापासून गंजीपेठेतल्या दवा बाजारापर्यंत फिरला, दोन स्ट्रिप मिळाल्या. आमच्या कॉलनीतल्या एका काकांकडे दहा स्ट्रिप होत्या, 'असू द्यावं घरात' म्हणून. जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये निष्पन्न झालं की अ‍ॅडमिट झालेल्या करोना पेशंटना तिचा काही फायदा नाही. काकांना त्यांच्या हक्काचं औषध निवडायचं होतं, ते माझ्या सांध्यांतून गेलं. मी काकांशी अजून नीट बोलत नाही, हे बरोबर नाही माहीत आहे.

आणि पोरांचं काय करायचं हे मला सुटलेलं नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येते तिची मुलगी सिकलची आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार, एसएस म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. विदर्भात सिकल काय ते सांगायला नको. मेडिकलमधून हायड्रॉक्सीयुरिया मिळते, ती घेतली की दुखण्याचे अ‍ॅटॅक कमी येतात. मागच्या वर्षी आईने ती बंद करून कोणा बाबाचा अंगारा सुरू केला. मी माझ्याबाबतीत कितीही हक्क-हक्क केलं तरी त्या दिवशी मी तिच्यावर ओरडले, अगदी त्या धंतोलीच्या डॉक्टरासारखी. अकरा वर्षांच्या मुलीने काय निवडलंय? ती आठ दिवस कामावर आली नाही. मग मीच तिच्या घरी गेले, तिथे कळलं की गोळ्यांची बाटली संपली होती आणि ओपीडीत एक दिवस गेला की तीन घरचं काम बुडतं, अंगारा गल्लीतच मिळत होता. आता गोळ्या नवरा आणून देतो. अंगाराही सुरू आहे, कपाळाला लावते, लावू दे.

मी डॉक्टर बदलले. नवीन डॉक्टर पहिल्या व्हिजिटला म्हणाले, घरात जे काही असेल ते पिशवीत घालून आणा, तेल, काढा, सगळं. मागच्या वर्षी आमच्या अंगणातल्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल सासूबाई मला काढा करून द्यायच्या, तीही नेली. ते म्हणाले २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हर बिघडलेले पेशंट नोंदवले होते, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, पण तुमची मेथोट्रेक्सेट आधीच लिव्हरवर, आणि गुळवेल ज्या फौजेला जागं करते म्हणतात ती तुमची आधीच जास्त जागी आहे, मी तुमच्या जागी असतो तर घेतली नसती. तुम्ही ठरवा, घेणार असाल तर एसजीपीटी लवकर करू. मी काढा बंद केला. कोणी ओरडलं असतं तर कदाचित चालू ठेवला असता, माझा स्वभाव आहे तसा.

पण खरी पंचाईत सासूबाईंची. त्या चौऱ्याहत्तरच्या, गुडघे झिजलेले. रामदासपेठेतल्या एका चकाचक एसी क्लिनिकमध्ये त्यांना पीआरपीची इंजेक्शनं सुचवली, आपलंच रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, त्यातला प्लेटलेटवाला भाग गुडघ्यात टोचायचा, एका वेळचे बारा हजार. मी वाचलं, २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या ट्रायलमध्ये पीआरपी आणि सलाइनचं पाणी यांत वर्षभरानंतर दुखण्यात फरक दिसला नव्हता. त्याच्याही आधी २००२ मध्ये अमेरिकेत गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल असंच झालं, काही जणांना नुसते काप देऊन टाके घातले, ऑपरेशन केलंच नाही, आणि दोन्हीकडच्यांना सारखंच बरं वाटलं. म्हणजे पुडी करडीच असते असं नाही, पांढऱ्या कोटातूनही येते, बिलासकट.

हे मी सासूबाईंना सगळं सांगितलं, मोबाइलवर दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं. क्लिनिकमध्ये गेल्यावर त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विचारलं, "यानं फरक पडते असं कुठं लिहून हाय का?" डॉक्टर हसले, "आजी, विश्वास ठेवा." मला वाटलं आता उठतील. त्यांनी साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाय पुढे केला.

बाहेर आल्यावर मी गप्प. माझा चेहरा बहुतेक बोलत असावा. हल्दीराममधून त्यांनी संत्रा बर्फी घ्यायला लावली, गाडीत बसून डबा उघडला, एक तुकडा माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाल्या, "ऐकलं म्या तुहं सगळं. पैसे माह्या पेन्शनचे, गुडघा माहा. तू गाडी चालव."